अकरा मगांचं किटण

६ मार्च, बुधवार

घोळ घातला! तोही दुपारभर राबून, वर गुणगुणत.

कचेरीच्या अहवालासाठी बाबांच्या चहाच्या दुकानाचे फोटो हवे होते. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले रोजच्या गिऱ्हाइकांचे अकरा एनॅमलचे मग – आतून काळेकुट्ट. वाटलं, वरचे साहेब बघून नाकं मुरडतील. बाबा बाजारात गेलेले. खायचा सोडा, काथ्या, उकळतं पाणी. संध्याकाळपर्यंत अकराही मग लखलखीत!

बाबा आले. भिंतीकडे बघितलं. हातातली मुळ्यांची जुडी खाली ठेवली आणि बाकावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

७ मार्च

पहाटे पाचला अकराही म्हातारे आले. पुढे शी आजोबा – जन्मभर होड्या बांधल्या, आता त्र्याऐंशी. मग उतरवला, आत डोकावले, वास घेतला.

"हा कुणाचा?"

"तुमचाच, आजोबा. मी घासला."

"तीस वर्षांचं किटण होतं, पोरी. नुसतं पाणी ओतलं तरी चहा व्हायचा त्यात. म्हातारी गेली त्या दिवशीसुद्धा मी हा धुतला नाही."

मग परत खिळ्याला लावला आणि निघून गेले. त्यांच्या मागे बाकीचे दहा. मग घेऊन गेले असते तरी चाललं असतं. इथेच सोडून गेले, म्हणजे आता येणार नाहीत.

मी याच गल्लीत जन्मले! आठ वर्षं पर्यटन कचेरीच्या खुर्चीत बसून डोळे साहेबांचे झाले, दुसरं काय.

८ मार्च

कोणी नाही. बाबा पाणी उकळतात आणि शेगडीवर तसंच ठेवतात.

१० मार्च, रविवार

उद्यापासून अभ्यास दौरा. आम्ही सहा जण, प्रमुख फांग साहेब, टिपणं माझ्याकडे. आमच्या ल्योछी गावातली कालव्याकाठची जुनी गल्ली एका कंपनीला वीस वर्षांसाठी हवी आहे. माणसं नदीपलीकडच्या नव्या इमारतींत हलवायची, दुकानं पगारी नोकरांनी चालवायची. द्यायची की नाही, ते फांग साहेब ठरवणार. आधी इतरांनी काय केलंय ते बघून यायचं.

आज रात्रीच्या बसला निघताना बाबांना म्हटलं, येते. म्हणाले, "छत्री घे." चार दिवसांत पहिले दोन शब्द. घेतली.

१२ मार्च

दौऱ्यातलं दुसरं गाव, युएमन – असंच एका कंपनीला दिलेलं. देखणं आहे, खोटं कशाला बोलू! दगडी पूल धुतलेले, कंदील एका ओळीत. विणकर बाई छान हसून माग चालवते. विचारलं, घर कुठलं तुमचं? म्हणाली, "बसने चाळीस मिनिटं. सहाची शेवटची." सहा वाजता खरंच सगळे गेले. मागे उरलो आम्ही आणि झाडूवाले.

इथेही चहाचं दुकान. भिंतीवर मग, आतून काळे! कुणाचे, विचारलं. व्यवस्थापक खुशीत येऊन म्हणाला, "कुणाचेच नाहीत. अक्रोडाच्या टरफलांत तीन दिवस उकळतो. जुने दिसतात की नाही? लोक फोटो काढतात."

म्हणजे हे लोक तीन दिवस खपून किटण चढवतात, आणि मी खरं होतं ते एका दुपारात उतरवलं. बाहेर जाऊन कालव्याशी उभी राहिले. रडू की हसू कळेना, म्हणून तिळाचा लाडू घेऊन खाल्ला.

१४ मार्च

परतीच्या बसमध्ये फांग साहेब शेजारी येऊन बसले. माझं टिपण हातात.

"लू बाई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या गल्लीत माणसं खरोखर राहतात, पहाटे पाचला चहाचं दुकान भरतं."

"हो साहेब." (भरत होतं. सहा मार्चपर्यंत.)

"असं सगळेच लिहितात. मंगळवारी पाचला मी स्वतः येतो. दुकान भरलेलं दिसलं तर कंपनीला नाही म्हणेन. रिकामं असलं, तर मग कुणासाठी राखायची गल्ली?"

खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भित्री आहे मी.

१७ मार्च, रविवार

दारोदार फिरले. मान खाली, हातात खजुराच्या पुड्या. आठ जणांनी पुडी घेतली, येतो म्हणाले नाहीत. एकाने तर बहिरेपणाचं सोंग घेतलं – परवापर्यंत कुजबुजसुद्धा ऐकू यायची त्याला! सगळे शी आजोबांकडे बोट दाखवतात. ते उठले तर हे उठतील.

शी आजोबा अंगणात रंधा मारत होते. सगळं सांगितलं – युएमन, अक्रोडाची टरफलं, मंगळवार, फांग साहेब, माझा भित्रेपणा.

"म्हणजे साहेबासमोर दिखावा करायला बोलावतेस."

"तसंच दिसतंय, आजोबा. पण तसं नाही."

"तीस वर्षं एका दुपारात पुसलीस. तीस वर्षांनी ये." आणि पुन्हा रंधा.

१८ मार्च

बाबांना म्हटलं, आपलं दुकान माझ्यापायी जाणार. त्यांनी शेगडी पुसून घेतली. मग म्हणाले, "तुझ्या आईनेही लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात माझा मग घासला होता. पंधरा दिवस रुसलो होतो."

"मग?"

"मग तहान लागली."

आई गेल्यापासून पहिल्यांदा तिच्यावर हसलो दोघं. रात्रीपर्यंत हलकं वाटलं. तरी उद्या मंगळवार आहेच.

१९ मार्च, पहाटे पावणेपाच

पाणी उकळलंय. मग अकरा, चकचकीत, लाज आणणारे. फांग साहेब आलेत, कोपऱ्यात बसलेत, सारखे घड्याळ बघतात. गल्लीत कोणी नाही. हाताला काही चाळा हवा म्हणून हे लिहितेय.

तोच दिवस, सकाळ

अकराही आले! पाचला दोन मिनिटं कमी असताना, शी आजोबा पुढे. "तहान लागली," एवढंच बाबांना म्हणून त्यांनी आपला मग उतरवला, मागोमाग बाकीच्यांनी आपापला. शी आजोबांनी एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं फांग साहेबांना म्हणाले –

"सोडा लागतोय! ही चव जायला तीस वर्षं तरी लागतील. तोवर रोज यावं लागणार आम्हाला. लिहून घ्या, साहेब."

फांग साहेबांनी वही मिटली आणि बाबांकडे स्वतःसाठी एक मग मागितला.