पाचबारी पुसताना

मुक्काम वस्ती, भंडारदऱ्याच्या खाली
माघ, १९७३

प्रिय नरसू,

आपले मास्तर छडीनं टेबलावर ठेका धरायचे, टक्‌ टटक्‌, टक्‌ टटक्‌, आणि आपण सगळी पोरं त्यावर श्लोक म्हणायचो. तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. अर्थ कोणाला कळत होता? पण यती चुकला की छडी टेबल सोडून पाठीवर यायची, एवढं पक्कं कळायचं. तुझ्या पाठीवर जरा जास्तच, कारण मी चुकलो की तू हसायचास. सावेडीच्या त्या नव्या बंगल्यात अजून म्हणतोस का रे कविता? मी म्हणतो. गुरांना पाणी पाजताना म्हणतो.

आज माजघरात घोंगडी पसरून पाचबारी उघडली आहे. वडिलांनी धरणावरच्या साहेबाकडून घेतलेली ती बंदूक तुला आठवेल, तू तिला ‘मडमबाई’ म्हणायचास. एक बार काढला की धक्क्यानं नळी आपोआप मागे सरते, रिकामं काडतूस फेकते आणि पुढे येते तोवर नवं चढलेलं असतं. मला त्यात श्लोकाची ओळच ऐकू यायची. मधे यती, मग दुसरा चरण.

काडतुसं काढून घेतली, पुढची टोपी फिरवून लाकूड आणि नळी उतरवली. गजाला चिंधी गुंडाळून रॉकेलनं नळी आतून पुसत राहिलो, चिंधी पांढरी निघेपर्यंत. जाड स्प्रिंग आणि तिच्यावरचं पितळी कडं कोरड्या फडक्यानं घासलं. कडं उलटं बसलं तर बंदूक खांदा फोडते, म्हणून चष्मा लावून पुन्हा बघितलं. मग शिवणयंत्राचं तेल, थेंबभर, तेही लावून परत पुसून टाकलं. कागदी काडतुसं ओलीनं फुगतात. एकेक नळीत घालून पाहिलं, जे अडलं ते बाजूला ठेवलं. या खेपेला काही अडायला नको.

माझा लेक गोरक्षनाथ कसा गेला ते तू पेपरात वाचलंस, भेटायला आलास तेव्हा मी काही बोललो नाही. आज लिहितो. गेल्या सालच्या पौषात, उजाडताना, आपल्या पाळीचं पाणी बघायला तो पाटावर गेला, खांद्याला हीच बंदूक. मी मागून चालत होतो. दहिवर गोठलं होतं अशी थंडी. माझा चुलत पुतण्या भीमा दोन माणसं घेऊन पाट फोडत होता. गोरक्षनं पहिला बार आभाळात काढला. भीमा हसला. म्हणाला, “कावळं मारतूस व्हय रं?” आणि कुऱ्हाड उचलून पुढे आला. गोरक्षनं त्याच्या छातीवर नेम धरून चाप ओढला. काहीच झालं नाही. मागे गेलेली नळी अर्ध्यातच थांबली होती. पहिला घाव खांद्यात रुतला. कुऱ्हाड निघेना म्हणून भीमानं त्याच्या छातीवर पाय देऊन ती उपसली. दुसरा मानेवर. मी पोचेपर्यंत पाटातलं पाणी लाल होऊन आमच्याच हरभऱ्याला लागलं होतं.

पोलीस यायच्या आधी मी बंदूक उघडली. स्प्रिंगवर, कड्यावर लोण्यासारखं पांढरं थापलेलं. वास घेतला. खोबरेल. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची आपली रीत. तुझी वहिनी, आक्काबाई, विळे-कोयत्यांबरोबर हिलाही न्हाऊ घालायची, झेंडूचं फूल वाहायची. दरवर्षी तिळाचं तेल असायचं. त्या दसऱ्याला घरात तीळ नव्हते, तेव्हा तिनं आपल्या डोक्याचं खोबरेल, लेकाला लावावं तसं मायेनं, आत पार ओतलं. आमच्या थंडीत त्याचा दगड होतो, हे कोणाच्या ध्यानात येणार? मी ते पुसून टाकलं आणि तोंड मिटलं. तिला कळलं तर ती विहीर जवळ करील.

साक्षीदार फिरले, माझ्या एकट्याच्या साक्षीवर भागलं नाही. भीमा सुटला आणि परवा गावात आला, पारावर पेढे वाटले म्हणे. उद्या उजाडता तो पाटावर येईल तेव्हा मी तिथं असेन. नंतर मला फाशी झाली काय, जन्मठेप झाली काय, सारखंच. तुला लिहायचं कारण एवढंच, की आक्काबाईला सावेडीला घेऊन जा, आणि त्या तेलाचं तिच्या कानावर कधी जाऊ देऊ नकोस.

थांब. भरदुपारी कोण आलं म्हणून खिडकीतून पाहिलं. नरसू, दारात भीमा उभा आहे. कोरं धोतर, डोक्याला फेटा, हात मोकळे. आक्काबाई त्याला पाय धुवायला पाणी देते आहे. म्हणते, “झालं गेलं ऱ्हाऊ दे बाबा. ये, ताट वाढलंय.” म्हणजे जेवायचा निरोप तिनंच धाडला होता. तो आतल्या ओसरीवर पाटावर बसला. तिनं बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, माझ्याजवळ आली, पदराला हात पुसत हळूच म्हणाली, “जोडा लवकर. कोरडी हाय न्हवं? या खेपंला म्या त्येलाला हात लावला न्हाई.”

तुझाच,
रंगनाथ