खालचा डावा कोपरा

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हातांचा कंप कसा आहे? स्वतः लिहिणं जमत नसेल तर मामींकडून लिहून घ्या, पण उत्तर लगेच हवंय.

कॉलेज सोडलं तेव्हा बाबांनी अबोला धरला आणि तुम्ही तुमची चामडं टोचायची आरी माझ्या हातात दिलीत, बॅगा शिवायला शिकवलंत. त्याच आरीने मी घोळ घातलाय.

दवाखान्यातल्या नर्सबद्दल मागे लिहिलं होतं. ती घरोघर पेशंट बघायला जाते, औषधांच्या काचेच्या बाटल्या कापडी पिशवीत घालून. मी तिला चामड्याची बॅग शिवून दिली आणि देता देता लग्नाचंही विचारून टाकलं. विचार करून सांगते म्हणाली. तिच्या वडिलांचं मात्र ठरलंय: ज्याने कॉलेज अर्धवट सोडलं, तो काहीही अर्धवट सोडेल.

आता खरं सांगतो. बॅगेच्या बाजूची पट्टी मी घाईघाईने तोंडाकडून शिवत खाली आणली. डाव्या कोपऱ्यावर वळताना पट्टीला आधीच पाडलेली तीन भोकं जास्त निघाली. माझं डोकं फिरलं. तीन भोकं तशीच सोडली, चुणी पडली ती हातोडीने चेपली, वरून रंग लावला. मी कामाला आहे त्या दुकानाच्या मालकांच्याही लक्षात आलं नाही. मला मात्र तीन आठवडे तो कोपराच दिसतोय.

बॅग परत मागितली तर तिचे वडील खरे ठरतात. ती चुणी किती दिवस टिकेल, एवढंच सांगा.

तुमचा लोभ हे वाचूनही थोडा उरू द्या.
तुमचा,
ठिणगी

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मामीचं, शब्द माझे. माझा चहा अजून निम्मा बशीत आणि निम्मा शर्टावर जातो.

किती टिकेल हे मला विचारतोस, गाढवा? बाटल्यांचं सगळं वजन त्याच कोपऱ्यावर बसतं. हातोडीने चेपलेलं कातडं आतून तडकलेलं असतं. एक दिवस कुणाच्या तरी जिन्यात ते फाटेल आणि कुणाचं तरी औषध पायऱ्यांवरून वाहत जाईल. तुझ्या लग्नाचं काय ते त्यानंतर.

जा, बॅग माग. कारण सांग, गुळगुळीत करून नको. नुसता कोपरा उसवू नकोस, ती सगळी बाजू उसव आणि पट्टी नवी घे. तळाच्या मध्यापासून सुरू कर, अर्धी डावीकडून वर, अर्धी उजवीकडून. जास्तीचं सगळं तोंडाशी येऊ दे, तिथे कापता येतं. कोपऱ्यापुरती पट्टी मागून तासून पातळ कर, ओल्या फडक्याने नरम कर. आणि पट्टीला आधीच भोकं पाडून ठेवू नकोस. बॅगेच्या दर्शनी तुकड्याच्या भोकातून पट्टीत आरी घाल. एक भोक, एक टाका.

(आता मी, मामी. हे ओरडताहेत खरे, पण तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. एवढं सगळं लिहिलंस, ती मुलगी तुला बघून हसते की नाही, ते कुठे आहे?)

तब्येतीला जप, डोक्याला त्याहून जास्त.
मामा-मामी

ता. २१ फेब्रुवारी

ती. मामा-मामींस,
सा. न. वि. वि.

मामी, हसते.

दवाखान्यात गेलो तर बाकावर सहा पेशंट, आणि नेमके तिचे वडील, रक्तदाब तपासायला आलेले. परतच फिरणार होतो. मग मामांचं ते पायऱ्यांवरून वाहणारं औषध आठवलं आणि सगळ्यांसमोर एका दमात सांगून टाकलं: तीन भोकं, हातोडी, रंग. वडील म्हणाले, म्हणजे हेही अर्धवटच. कानशिलं तापली, पण गिळलं. म्हटलं, होय, म्हणूनच न्यायला आलोय.

तिने बॅग ट्रेमध्ये रिकामी केली. म्हणाली की ती चुणी पहिल्याच दिवशी तिच्या बोटाला लागली होती. तेव्हापासून डावा तळहात कोपऱ्याखाली धरून ती बॅग वागवत होती आणि मी कधी सांगतोय याची वाट बघत होती. मामा, मी उभ्या जागी मेलो.

दोन पट्ट्या वाया गेल्या. एकदा आरी फेकली, ती मालकांनी उचलून दिली. तिसरी पट्टी कोपऱ्यावर अशी वळली की बोट फिरवलं तरी कुठे अडत नाही. तोंडाशी अर्धा इंच जास्त आली, तेवढी कापली.

आज ती न्यायला आली, वडिलांना घेऊन. त्यांनी चष्मा लावून टाके बघितले, दोन्ही कोपरे अंगठ्याने दाबले आणि स्वतःची फाटकी बॅग माझ्या पुढ्यात ठेवली. हिचे कोपरे होतील का म्हणाले. पूर्ण करून द्याल ना, हेही विचारलंच.

मामा, आरी दिलीत तेव्हा मी साऱ्या जगावर चिडलेला होतो, साधे आभारसुद्धा मानले नाहीत. आज मानतो. तुम्ही मला सावरून घेणारं पत्र लिहिलं असतंत तर मी दवाखान्याची पायरी चढलो नसतो. बाबांनाही आजच पत्र टाकतोय.

तिने बाटल्या भरल्या, बॅग एका हाताने उचलली आणि निघाली. रस्त्याच्या वळणावर दुसरा, मोकळा हात तिने वडिलांच्या पाठीमागून मला हलवून दाखवला. याला उत्तर म्हणायचं की नाही ते मामींनी कळवावं. मी तर म्हणून मोकळा झालोय.

तुमच्या शिव्या आणि माया, दोन्ही अशाच येत राहोत.
तुमचा,
ठिणगी