ओव्हनमधली बारा बोअर

३ मे
दुष्काळात दूध सोसायटीला खंबीर चेअरमन लागतो. म्हणजे मीच. निवडून आलो की वडिलांची बारा बोअर खांद्याला अडकवून चारा छावणीत राउंड मारायचा. लायसन आहे, पण बंदूक पार गंजलीय. भाजून पक्कं बसणारं काळं कोटिंग मागवलं. पार्सल आधीच कुणीतरी उघडलेलं वाटलं. गहिनीनाथ असणार. तोही चेअरमनकीला इच्छुक आहे.

५ मे, सकाळी
सुटे भाग घासले, कोटिंग मारलं. भाजायला ओव्हन बायकोच्या, सत्यभामाच्या, बचत गटाचा, नानकटाईसाठीचा. तिला विचारलं नाही. विचारलं की बातमी फुटते.

दुपारी
घरभर उग्र वास. शेजारच्या विमलबाईनं भिंतीवरून विचारलं, काय जळलं. वांगी, म्हणालो. असल्या दुष्काळात वांगी कुठून आणली, हा तिचा पुढचा प्रश्न. पक्की हेर. गहिनीनाथची मावशी लागते.

७ मे
छावणीवर विकायला नेलेली नानकटाई सगळी परत आली. पेंटचा वास मारते म्हणे. सत्यभामा बोलत नाही. तिला कुणीतरी फितवलंय.

८ मे
आमच्या गटाचा राधाकिशन आला. म्हणाला, निवडीपर्यंत आपले डायरेक्टर सहलीला नेऊन ठेवू, नाहीतर गहिनीनाथ फोडेल. मी लगेच ओळखलं. मला घराबाहेर काढून बंदुकीचे भाग लांबवायचा प्लॅन. शिवाय दुसरा कोट ओव्हनमध्ये होता. माझी जीप दिली, मी थांबलो. महिला राखीव जागेवरून सत्यभामाही डायरेक्टर आहे, तीही गेली. बरंच झालं. ओव्हन मोकळा.

१२ मे
बंदूक जोडायला घेतली. कोट जाड झालाय, नळी बसत नाही. गार पडल्यावर बसेल. पण या उन्हात गार काय पडतंय! सहलीवरून कुणाचा फोन नाही. शिस्त पाळतायत.

१४ मे
चेअरमन निवडीची सभा. गहिनीनाथ उठला आणि त्यानं सत्यभामाचं नाव सुचवलं. सहलीत दोन्ही गटांचं तिच्यावर एकमत झालं म्हणे. गहिनीनाथ सहलीत कसा, असं मी राधाकिशनला विचारलं.
"तुमचीच सीट रिकामी होती," तो म्हणाला, "म्हून घेतला."
अधिकाऱ्यांनी विचारलं, अनुमोदन कोण देणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लई वाईट वाटलं.
सत्यभामा आठवड्यानंतर पहिल्यांदा बोलली, "हात वर करा की. घरला यायचंय का न्हाई?"
केला वर. कोपरापर्यंत काळा होता. निवड बिनविरोध झाली.