विहिरीजवळच्या चार ओळींची आंब

प्रिय अक्का,

तू गेल्यावर तुला पत्र लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. उत्तर न द्यायची तुझी सवय जिवंतपणीही होतीच! पण आज सकाळी साखरखेर्ड्याच्या शेतात भाऊजी विष पिता पिता राहिले, आणि त्यात थोडा हात तुझाही आहे. म्हणून लिहितोय. एसटी गदागदा हलतेय. अक्षर चालवून घे.

काल संध्याकाळी त्यांनी तुझं जुनं सुती पातळ हरभऱ्यावर अंथरलं. पोट दुखत होतं, आंब हवी होती. पानांचा आंबट रस दवासोबत कापडात मुरतो, तो सकाळी वाटीत पिळायचा. दर पौषात तू त्यांना हेच द्यायचीस. मी त्याला ‘चणकाम्ल’ म्हटलं की तू म्हणायचीस, "नाव घेऊन पोट थांबते काय, शास्त्रीबुवा? वाटी धर!"

आजही वाटी मीच धरली. भाऊजींनी पातळ पिळलं, वाटी घेतली. आणि माझी नजर शेजारच्या, पातळाबाहेरच्या पानांवर गेली.

अक्का, थेंब चपटे होते!

आठवतं, याच ओळींत आपण वाद घातला होता? मी सांगत होतो की पाणी स्वतःला आवळून धरतं, पानावर बारीक लव असते, म्हणून थेंब मोत्यासारखा उभा राहतो. फवारणीत औषध चिकटावं म्हणून जे मिसळतात, त्यानं तो पसरतो. तू जांभई दिलीस. "म्हणूनच तं ह्यायच्या आंबेसाठी विहिरीजवळच्या ह्या चार ओळींले मी फवारा लागू देत नाही."

"भाऊजी, थांबा! इथं फवारणी झाली?"

"परवा झाली. पण इथली आंब मी दरसालच पेतो. काही झालं काय मले?"

वाटी ओठांना लागली होती. शंकरानं निदान ओळखून तरी विष घेतलं! मी सरळ हात मारला. वाटी विहिरीच्या दगडावर आपटली.

त्यांनी माझी कॉलर धरली. "तिचं एवढंच राह्यलं व्हतं बे मास्तर! तेही सांडलं?"

मी त्यांना तसंच ओढत धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर नेलं. तिथं फवाऱ्याच्या टप्प्याबाहेर हरभऱ्याचं एक चुकार झाड उगवलंय. त्याच्या पानापानावर टपोरे मोती. मग पुन्हा ओळीतलं पान दाखवलं: नुसतं ओलं. तरी त्यांचा विश्वास बसेना. शेवटी फवारणीवाल्याला फोन लावला.

"पुरं मारलं न भाऊ, विहिरीपावतर," तो म्हणाला. "दरसाल काकू हाकलायच्या तिथून. औंदा कोणी हाकललंच नाही."

कॉलर सुटली. भाऊजी बांधावर बसले. "एवढे साल ओळी राखल्या," ते म्हणाले, "मले काऊन नाही सांगितलं तिनं?"

खरंच, का नाही गं? जगाला शिव्या देताना तुझा आवाज वेशीपर्यंत जायचा, आणि हे एवढंसं घरात सांगवलं नाही?

आता त्यांना डॉक्टरकडे नेतोय. निघण्याआधी त्यांनी पातळ साबणानं धुतलं, त्याचा लाल काठ फाडून चार चिंध्या केल्या आणि माझ्या हातात दिल्या.

पुढच्या हरभऱ्यात त्या चार ओळींच्या टोकांना खूण म्हणून बांधीन. फवारणीच्या दिवशी विहिरीजवळ स्वतः उभा राहीन आणि हाकलीन. तुझ्याइतक्या शिव्या मला येत नाहीत, पण संस्कृतात देईन. अर्थ नाही कळला तरी माणूस पळेल.

तुझा,
शास्त्रीबुवा