वडिलांचे नाव काढण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
स्वयंचलित बांधणी कक्ष,
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय : बांधणी यंत्रणेतून दिवंगत कर्मचाऱ्याचे नाव काढण्याबाबत. (येथे 'काढणे' म्हणजे वगळणे.)

संदर्भ : १) अर्जदाराचा याच विषयावरील पहिला अर्ज.
२) आपल्या कक्षाची कारणे दाखवा नोटीस, अर्जदाराच्या वडिलांच्या नावे.
३) गुणगौरव शाखेचे पत्र, तेही त्यांच्याच नावे.

महोदय,

अर्जदार ही आपल्या कक्षात 'काका' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तंत्रज्ञांची मुलगी असून एका वाचनालयात नोकरी करते. वडील गेल्या वर्षाच्या अखेरीस, सेवेत असतानाच वारले. मृत्यूचा दाखला तेव्हाच सादर केला आहे. कार्यालयाने शोकसभा घेतली होती आणि आपण स्वतः दोन शब्द बोलला होता, त्यामुळे ही बाब आपणांस नवीन नसावी.

१. अर्जदार या विषयातली जाणकार नाही. वडील जेवताना सांगत, तेवढेच तिला ठाऊक आहे. पंपघरे चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये कोणी बदल केला की, आणि एरवीही रोज सकाळी, यंत्रणा आपोआप नवी बांधणी करते. तयार झालेला प्रोग्राम, म्हणजे पाकीट, संगणकातलेच एक साधन तिथल्या कोठारात नेऊन ठेवते. या साधनाला बटणे नाहीत, खिडक्या नाहीत. टाइप केलेल्या आज्ञा तेवढ्या त्याला कळतात. पंपघरे आपापले पाकीट कोठारातून उचलतात. हे साधन बांधणीच्या क्रमात वडिलांनी बसवले. कोठार उघडायला टोकन, म्हणजे कोणाच्या तरी नावाची संगणकी किल्ली, लागते; ते त्यांनी घाईत, तात्पुरते म्हणून, स्वतःच्या नावाचे दिले. तात्पुरत्या गोष्टींचे पुढे जे होते तेच त्याचे झाले. आजही प्रत्येक पाकिटावर 'ठेवणारा' म्हणून त्यांचेच नाव उमटते आणि सकाळच्या बांधणीनंतर तसा संदेश आईच्या फोनवर येतो. वडील स्वतःचा फोन कुठेही विसरत, म्हणून त्यांनी तिचाही क्रमांक घालून ठेवला होता.

२. सुरुवातीला याबद्दल तक्रार नव्हती. आई चहा घेताना संदेश वाचायची आणि म्हणायची, "बघ, गेले तरी हजेरी चुकवत नाहीत." भेटायला आलेल्या आपल्या कक्षातील एका अभियंत्यांना अर्जदाराने विचारले, तुम्ही आपल्या नावाचे टोकन का घेत नाही? ते प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, ज्याचं नाव त्याच्यावर बालंट. काकांचं नाव असलं की कुणी वाकडं बोलत नाही."

३. ते वाकडे आता बोलले गेले आहे. गेल्या महिन्यात कोठारात सदोष पाकीट ठेवले गेले आणि एक पंपघर अर्धा दिवस बंद राहिले. त्यावर आपल्या कक्षाने पाकिटावरचे नाव वाचून वडिलांना नोटीस काढली. ती घरच्या पत्त्यावर आली आणि आईच्या हाती पडली. 'आपण हलगर्जीपणाने सदोष पाकीट ठेवले असून सात दिवसांत खुलासा न आल्यास आपले काहीही म्हणणे नाही असे गृहीत धरले जाईल,' असे तीत म्हटले आहे. अर्जदाराने हे वाक्य अनेकदा वाचले. त्यातले गृहीत धरणे योग्यच आहे.

ते पाकीट कोणी ठेवले हे अर्जदाराला माहीत नाही आणि जाणून घ्यायचेही नाही. वडिलांनी ठेवले नाही, एवढे ती खात्रीने सांगू शकते.

४. टोकन रद्द करावे म्हणून अर्जदार आपल्या मदत कक्षात गेली. तेथे कळले की धारकाने समक्ष येऊन सही केल्याखेरीज टोकन रद्द होत नाही. धारक का येऊ शकत नाहीत हे सांगितल्यावर तेथील बाईंना खरोखर वाईट वाटले. त्यांनी पाणी दिले आणि म्हणाल्या, "मग वारस म्हणून तुमच्याच नावावर करून देऊ का? घरातलं घरात राहील." त्यांचा हेतू चांगला होता. परंतु पंपघरांची पाकिटे यापुढे वाचनालयातील एका कर्मचारी बाईच्या नावे ठेवली जावीत, अशी अर्जदाराची इच्छा नाही.

५. त्यानंतर पहिला अर्ज केला. त्याचा विषय 'वडिलांचे नाव काढण्याबाबत' असा होता. शब्दांची निवड चुकली, हे अर्जदार मान्य करते. आवक विभागाने मुलीला वडिलांचे नाव उज्ज्वल करायचे आहे असा अर्थ घेऊन अर्ज गुणगौरव शाखेकडे पाठवला. तेथून वडिलांना पत्र आले आहे : सत्कारासाठी आपली निवड विचाराधीन असून अलीकडच्या काळातील दोन छायाचित्रे व समारंभास उपस्थित राहण्याची संमती पाठवावी. मात्र आपल्याविरुद्ध नोटीस प्रलंबित असल्याने तिचा निकाल लागेपर्यंत सत्कार स्थगित राहील.

६. माणूस गेला तरी नाव राहावे, असे म्हणतात. आपल्या कार्यालयाने ते ठेवले, आणि मग त्यालाच नावे ठेवली. अर्जदाराला कोणाशी भांडायचे नाही. परंतु नोटीस आल्यापासून आई संदेश मोठ्याने वाचत नाही. परवा तिने विचारले, "यांच्या हातून खरंच काही चुकलं असेल का गं?" जो माणूस घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून पाहिल्याशिवाय कधी जिना उतरला नाही, त्याच्याविषयी त्याच्या बायकोला हा प्रश्न पडला. हा अर्ज त्या प्रश्नापायी आहे.

सबब विनंती की,

(अ) नोटीस मागे घेऊन तसे आईच्या नावे लेखी कळवावे. तिला चष्म्याशिवाय वाचता येईल, इतपत मोठ्या अक्षरात असल्यास उपकार होतील.

(आ) टोकन रद्द करून जो काम करतो त्याच्या नावाचे नवे द्यावे. सत्काराचा विचार सोडून द्यावा.

(इ) नाव ज्या दिवशी काढले जाईल, तो दिवस अर्जदाराला आधी कळवावा. दुसऱ्या सकाळी आईच्या फोनवर संदेश येणार नाही. त्या वेळी अर्जदाराला रजा टाकून तिच्याजवळ बसायचे आहे.

वडिलांचे नाव काढशील, असे अर्जदाराला लहानपणी सगळेच म्हणत. ते आता आपल्या हाती सोपवून थांबते.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, काकांची मुलगी

दिनांक : १४ मार्च

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) गुणगौरव शाखेचे पत्र. ३) मृत्यूचा दाखला, पुन्हा एकदा. छायाचित्रे जोडलेली नाहीत.