माझ्या नावावरचे आठ तास

९ जून, मंगळवार

तीस! माझे तीस तास भरलेत म्हणे!

कसे भरले? कौन्सिलच्या वेबसाइटवर माझ्या नावापुढे हिरव्या अक्षरांत 'पूर्ण' असं लिहिलंय. पाच वर्षांत तीस तासांचं प्रशिक्षण दाखवलं तर नर्सचं लायसन्स पुढे चालू, नाहीतर तीस जूनला बंद. लायसन्स बंद म्हणजे वॉर्ड बंद. आणि माझ्याकडे प्रमाणपत्रं आहेत फक्त बावीस तासांची. प्लास्टिकच्या पिशवीतून सगळी काढली, पलंगावर मांडली, तीनदा बेरीज केली. बावीस. महिनाभर या उरलेल्या आठ तासांची धास्ती घेऊन फिरतेय, आणि इथे ते आपोआप भरलेले!

'जखमेची निगा. १७ व १८ मार्च. एकूण आठ तास.'

सतरा मार्चला ह्यांचं पोटाचं ऑपरेशन होतं. मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर होते. अठराला त्यांच्या उशाशी. मग वर्गात कोण बसलं होतं?

१० जून, बुधवार

ह्यांना सांगितलं. पेपरातून मानही वर न करता म्हणाले, "मिळालेत ना? मग घे की." वर आणखी, "तूच गेली असशील. त्या दोन दिवसांत तुला कुठे शुद्ध होती?"

आता या माणसाला काय म्हणावं! पण डोक्यात किडा सोडून दिला. शुद्ध नव्हती हे खरंच. एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात ह्यांची, अशी हॉस्पिटलात गेले होते. खरंच वर्गात जाऊन बसले असेन का मी? चार चार तास? आणि काहीच आठवू नये?

एक गोष्ट मात्र लख्ख आठवते. ह्यांची मोठी बहीण, आमच्याच हॉस्पिटलात नर्स, माझ्याहून नऊ वर्षांनी सीनियर. ऑपरेशनच्या आधी मी सलाइनचा वेग बघायला उठले, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "तू इथे नर्स नाहीस, बायको आहेस. तिथे बस. बाकीचं मी बघते." इतकी वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी! तळपायाची आग मस्तकात गेली. आणि बघते म्हणून गेली ती गेलीच! सख्खा भाऊ टेबलवर आणि ही चार तास गायब. मध्ये फक्त दोन फोन — "झालं का?" दुसरा मी कापलाच. तेव्हापासून कामापुरतंसुद्धा बोलत नाही मी ताईंशी.

एप्रिलमध्ये त्यांचंच लायसन्स लटकलं. तास कमी पडले म्हणे! जगाला शिस्त शिकवणाऱ्या बाई आता तळमजल्यावर रेकॉर्डच्या खोलीत फायली लावतात. पेशंटला हात लावायची बंदी. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. इथे लिहायला काय हरकत आहे.

१२ जून, शुक्रवार

प्रशिक्षण विभागात गेले. कारकून स्टेपलरच्या पिना भरत होता.

"बिल्ला मशीनला टेकला की नोंद झाली. मशीन खोटं बोलत नाही, सिस्टर."

"अहो, माझा बिल्ला दुसरं कुणी टेकवेल की!"

"बावीस खुर्च्या, बावीस बिल्ले. सर स्वतः डोकी मोजतात. एका माणसाला दोन बिल्ले चालवता येत नाहीत."

म्हणजे माझ्या बिल्ल्याबरोबर एक खरंखुरं डोकं होतं! आणि त्या डोक्याचा स्वतःचा बिल्ला खिशातच राहिला. कोण एवढं खुळं आहे?

बिल्ला तेव्हा हरवलाच होता माझा. दोन दिवसांनी डब्याच्या पिशवीत सापडला. तिथे कसा गेला, तेही ठाऊक नाही. जितकं खोदावं तितका गोंधळ!

१३ जून, शनिवार

वाघिणीला विचारलं. वाघीण म्हणजे माझी वॉर्डातली जोडीदारीण, डॉक्टरांवरही गुरगुरते. "तू गेली होतीस का माझ्या नावावर?" म्हणाली, "मी माझ्याच तासांना जांभया देते, तुझे कुठून बसू? गप बटण दाब आणि मोकळी हो."

१६ जून, मंगळवार

एका जुन्या पेशंटची फाइल हवी होती. रेकॉर्डच्या खोलीत जाणं आलं. दुसरं कुणी नव्हतंच. ताईंनी शिडीवर चढून फाइल काढली, पदराने धूळ पुसली.

"रिन्यूअल झालं का तुझं?"

"होईल."

"आज भर. तीस तारखेची वाट बघू नकोस."

आहेच का अजून तोरा! स्वतःचं बघा म्हणावं आधी. जिभेवर आलं होतं, गिळलं. फाइल घेऊन निघाले. चेहरा उतरलाय पण त्यांचा. शिडीवरून उतरताना गुडघा धरला होता. विचारायला हवं होतं का? नाही विचारलं.

१८ जून, गुरुवार

फॉर्म उघडला. कोड ह्यांच्या मोबाइलवर जातो, हे बाथरूममध्ये! दारातून ओरडून आकडे घेतले, तोवर वेळ संपली. पुन्हा सुरुवात. शेवटच्या पानावर चौकट — 'वरील सर्व तास मी स्वतः हजर राहून पूर्ण केले आहेत.' तिथे खूण करायची, की झालं.

बोट तिथे गेलं आणि थांबलं.

ट्रेनिंगच्या पहिल्याच वर्षी आमच्या बाईंनी शिकवलं होतं, न दिलेलं औषध दिलं म्हणून लिहायचं नाही. गोळी राहिली तर 'राहिली' लिहा, ओरडा खा. मी ओरडा खाल्लाय, पण खोटं कधी लिहिलं नाही. आता पन्नाशीत लिहू? ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "अगं, हे काय औषध आहे का!" रडूच आलं मला. मी काय मोठी सत्यवादी लागून गेले? पण ती चौकट माझ्याकडे बघतेय!

१९ जून, शुक्रवार

काढून टाकले आठ तास. बावीस. आता भोगा!

२२ जून, सोमवार

तोच वर्ग पुन्हा आहे, २४ आणि २५ जूनला. मार्चनंतर हा पहिलाच. पण बावीस खुर्च्या केव्हाच भरल्या! कारकून म्हणे, पुढचा सप्टेंबरात. मोठ्या सिस्टरांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. त्या म्हणाल्या, "बघते. फोन करून विचारते एकेकाला." कोण देणार आपली खुर्ची? सगळ्यांचीच मुदत जवळ आलीय.

संध्याकाळी निरोप आला. मिळाली! कुणीतरी नाव मागे घेतलं. कोण ते विचारलं, तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुला आंबे खायचेत की झाडं मोजायचीत?"

ज्या कुणी असाल त्या, सुखी राहा.

२३ जून, मंगळवार

हे म्हणाले, "ताई आली होती दुपारी. तुझा बिल्ला नीट ठेव म्हणाली, उद्या लागेल." ताईंना काय ठाऊक उद्याचं? काहीच समजत नाही मला.

२४ जून, बुधवार

वर्गाच्या दारात सरांनी यादी पुढे केली. एक नाव खोडून वर माझं लिहिलेलं. खोडलेलं नाव ताईंचं.

"या बाई का नाही आल्या?" सर म्हणाले. "मार्चमध्ये होत्या की. दोनदा फोन करायला बाहेर गेल्या, भाऊ टेबलवर आहे म्हणून." मग त्यांनी मार्चची यादी चाळली. "अरेच्चा. यात त्यांचं नाव नाही. तुमचं आहे."

मी बिल्ला टेकवला नाही. सरांना म्हटलं, "पाच मिनिटं थांबा, बाविसावी खुर्ची धरून ठेवा." जिना उतरून तळमजल्यावर. ताई शिडीवर होत्या. हात धरून खाली उतरवलं, त्यांच्याच पर्समधून त्यांचा बिल्ला काढून गळ्यात घातला.

"वेडी आहेस का! तीस तारखेला तुझं —"

"वर जा, ताई. इथलं मी बघते."

त्या रडल्या. मीही. मग गेल्या, गुडघा धरत, एकेक पायरी.

दिवसभर फायली लावल्या. सप्टेंबरपर्यंत याच लावायच्यात.