अळी कुणाच्या वावरातली?

बदनापूर,
पौषातला रविवार, १९९८

तीर्थस्वरूप धर्मराजमामांस,

मच्छिंद्रचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वडीगोद्रीला सगळी खुशाल असतील. तुमचा गुडघा कसा आहे? (मामी कळवतात, दुकानात बसलात की दुखतो अन् कुणाच्या लग्नाला निघालात की थांबतो. थांबो बापडा.) मी मजेत आहे. जरा अंगानं भरलोय, मेसवाल्याची कृपा.

तुम्ही जुळवत आणलेल्या स्थळाची हकीकत कळवायची राहिली. तुमचं येणं जमलं न्हाई म्हणून आमच्या कृषी संशोधन केंद्रावरच्या चांदपाशाला घेऊन, त्याच्याच मोटारसायकलवर रखमाजींकडं गेल्तो. मुलगी पाहिली. कुशावर्ता मला फार आवडली, सरळच लिहितो, उगाच आढेवेढे कशाला. पण चहा झाला अन् रखमाजींनी विचारलं, तुम्ही त्या केंद्रावर नेमकं करता काय? झालं! मी आमच्या साहेबांच्या भाषेत सुरू झालो. घाटे अळीचं जीवनचक्र, आर्थिक नुकसानीची पातळी, कामगंध सापळ्यातल्या नर पतंगांची सरासरी. रखमाजी मान डोलवत राह्यले, साळूबाई (होणाऱ्या सासूबाई, होवोत एकदाच्या) छताच्या पंख्याकडं बघत राह्यल्या. चांदपाशानं पायावर पाय दिला, तेव्हा मी घाईनं म्हणालो, सोपं सांगायचं तर मी अळ्या मोजतो. मंग रखमाजींनी विचारलं, "मोजता? आन् मारीत न्हाई?" साळूबाई आत जाऊन कुणाला तरी म्हणाल्या, याचा पगार मिळतो म्हणं! तेही मला बराबर ऐकू आलं.

दोन दिवसांनी निरोप आला, बघू, जल्दी काय आहे. मामा, याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. मला जेवण गोड लागेना. शेवटी म्हटलं, तोंडानं जमत न्हाई तर वावरात नेऊन दाखवावं. गेलो, तर बांधावर रखमाजी अन् शेजारचे कडूबा यांची जुंपलेली. तुझ्या हरभऱ्यातल्या अळ्या माझ्या तुरीत आल्या, असं रखमाजी म्हणायचे. तुझ्याच तुरीतून माझ्याकडं आल्या, असं कडूबा. (दोघांचं एरवी बोलणं बंद असतं, फक्त अळीच्या दिवसांत बोलतात.) मला कुठून अक्कल सुचली देव जाणे. मी मधी पडून म्हणालो, पतंग कुणाच्या वावरात आधी येतो अन् कुठं जास्त येतो, हेच बघायचं माझं काम. रखमाजी भांडण सोडून माझ्याकडं वळले. म्हणाले, "मंग हे आधी सांगायचं ना, भल्या माणसा! हे तर कामाचं काम झालं!"

तिथून चक्रच फिरलं. गावकऱ्यांनी स्वतः मोजावं असा एखादा प्रश्न आमचे साहेब किती वर्षं शोधून राह्यलेत, अन् तो बांधावर भांडत उभा होता! नाल्याकाठच्या समद्या वावरांत सापळे लागले. सापळा म्हणजे काय, काठीला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी अन् आत मादीच्या वासाची गोळी; नर पतंग हुरळून येतो अन् अडकतो. (मला त्याच्याबद्दल अलीकडं फार सहानुभूती वाटते.) रोज सकाळी ज्यानं त्यानं आपले पतंग मोजायचे असं ठरलं. आठवडाभरातच रखमाजी आपल्या सापळ्यातले पतंग मुठीत घेऊन कडूबांच्या सापळ्यात कोंबताना सापडले. पकडलं कुणी? कुशावर्तानं! बापाच्या हातातून पिशवी घेतली अन् म्हणाली, आजपासून दोन्हीकडचं मी मोजणार. मी सापळ्यांची मांडणी तपासायच्या निमित्तानं जायचो. साळूबाई आता मला बघून भाकर टाकतात अन् आल्यागेल्याला माझं काम समजावून सांगतात, माझ्यापेक्षा चांगलं.

तेव्हा मामा, इकडं बिलकुल काळजी नसावी. गुडघ्याला आराम द्या, यायची तसदी घेऊ नका. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
मच्छिंद्र

ता. क. : परवा पारावर निकाल सांगितला. पतंग आधी अन् जास्त, दोन्ही रखमाजींच्याच वावरात! कुशावर्तानंच खणखणीत आवाजात वाचला. कडूबांनी पेढे वाटले. मी म्हटलं, गेलं माझं लग्न. पण काल रखमाजी शांतपणे खोलीवर आले. म्हणाले, एका हंगामावरून अनुमान काढायचं न्हाई असं तुम्हीच शिकवलं, तवा पुढल्या साली पुन्हा मोजू. शास्त्राला धरूनच बोलले, मी आनंदानं हो म्हणालो. तर उठता उठता म्हणतात, "जावयाचंबी तसंच. एक हंगाम बघितला, चांगला वाटला. आता दुसराबी बघू." तरी मामा, गुडघा चुलीत गेला, मिळेल त्या गाडीनं निघा अन् त्यांना समजवा.

ता. क. दुसरा : कुशावर्तानं चांदपाशाजवळ निरोप धाडलाय. मामांना लिहा म्हणते, मला दुसरा हंगाम लागत न्हाई.